फरशी सरळ कुणी केली?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एकाच दिवशी दोन चष्मे आले. एक माझा आणि एक माझ्या मुलीचा. माझा चाळिशीचा. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा, म्हणून काचेचा वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा. मुलगी सातवीत आहे. तिचा हा पहिलाच चष्मा. त्यात थोडा मायनस नंबर आणि थोडा सिलिंडरचा नंबर. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा एका दिशेनं जास्त वळलेला असला, की सिलिंडरचा नंबर लागतो.

चष्मा लावून ती आधी गॅलरीत गेली आणि ओरडलीच, "बाबा, ते कबुतर नाहीच आहे!" समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक कबुतर कायम बसलेलं असतं, असं ती वर्षभर समजत होती. ती एक फाटकी प्लास्टिकची पिशवी निघाली! आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. पण दोनच मिनिटांत बाईसाहेब भिंतीला हात टेकून उभ्या. "फरशी तिरकी दिसतेय. घसरगुंडीवर उभी आहे असं वाटतंय मला."

माझी गत काही वेगळी नव्हती. मी चिंचवडहून चाकणला कंपनीच्या बसनं जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसची पायरी मला धूसर आणि भलत्याच ठिकाणी दिसली. दांडा धरून, म्हाताऱ्यासारखा पाय चाचपत मी चढलो. मान वळवली की खिडक्या लाटेसारख्या हलायच्या. चष्मेवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आठ-दहा दिवस लागतील. सारखी काढघाल करू नका. सवय होऊ द्या."

मुलीला सवय व्हायला उशीर लागत होता, त्याचं कारण नंतर कळलं. वर्गात दोघी-तिघींनी 'ढापणी' म्हणून चिडवलं होतं, त्यामुळे शाळेत चष्मा दप्तरात जायचा आणि घरी आल्यावर नाकावर चढायचा. तिची आई तिच्याशी बोलली, मग तो शाळेतही नाकावर टिकला. त्यानंतर पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, फरशी सरळ झाली!"

आणि मग तिनं विचारलं, "चष्मा तोच आहे. डोळे तेच आहेत. फरशी तर कुणी हलवलीच नाही. मग ती सरळ कुणी केली?"

मुलांनो, प्रश्न मोठा झकास आहे. त्याचं उत्तर एका शब्दात देता येतं. मेंदूनं! पण तेवढ्यावर सोडून दिलं तर सगळी गंमतच निघून जाईल.

आपला डोळा कॅमेऱ्यासारखा असतो हे तुम्ही शाळेत शिकता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, समोरच्या वस्तूची प्रतिमा पडते. ती उलटी पडते, हे योहानेस केप्लर यांनी १६०४ साली दाखवून दिलं. ग्रहांच्या कक्षा शोधणारे केप्लर ते हेच बरं का. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात घर उलटं, आई उलटी, बसही उलटीच असते. तरी आपण सरळ चालतो, कारण डोळ्याकडून आलेल्या खुणांचा अर्थ मेंदू लावतो. फरशीची एक खूण डोळ्यांकडून येते, एक पायांकडून, एक कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून. नवा चष्मा लावला की डोळ्यांची खूण बदलते आणि बाकीच्यांशी तिचं जमेनासं होतं. काही दिवस मेंदूत जणू भांडण चालतं. मग मेंदू नवा हिशेब बसवतो आणि फरशी सरळ होते. चष्मा सारखा काढला-घातला तर त्या बिचाऱ्याला दर तासाला नवा हिशेब! दप्तरातल्या चष्म्यानं हेच होत होतं.

हा हिशेब किती दूरवर बसू शकतो, हे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रॅटन यांनी स्वतःवर करून पाहिलं. सगळं जग उलटं दाखवणारी भिंगं त्यांनी डोळ्यासमोर बांधली. १८९७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग आठ दिवसांचा होता. झोपताना ते डोळे बांधून घेत, म्हणजे सरळ जग चुकूनसुद्धा दिसायला नको. सुरुवातीला साधी वस्तू उचलतानाही हात भलतीकडे जायचा. दिवस जातील तसा तो बरोबर जायला लागला. गंमत म्हणजे आठ दिवसांनी भिंगं काढली, तेव्हा आपलं नेहमीचं सरळ जगच त्यांना काही तास गोंधळवून टाकणारं वाटलं! (हा प्रयोग घरी करायचा नाही. जिन्यावरून पडाल.)

पण मेंदू शिकतो, तसा एखादी गोष्ट न शिकताही मोठा होतो. माझ्या एका सहकाऱ्याचा मुलगा पहिलीत होता. पळायचा, पतंग उडवायचा, चित्रं काढायचा. शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा कळलं की त्याच्या डाव्या डोळ्याला मोठा नंबर आहे आणि त्या डोळ्यानं त्याला जेमतेम दिसतंय. उजवा डोळा चांगला, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही नाही! अशा वेळी मेंदू धूसर डोळ्याचं म्हणणं ऐकणं हळूहळू सोडून देतो. याला 'आळशी डोळा' म्हणतात. नाव चुकीचंच म्हणायचं, कारण डोळा आळशी नसतोच. त्याच्याकडे मेंदूचं लक्ष नसतं. लहान वयात एका डोळ्यातून नीट दिसलं नाही तर मेंदूची जोडणीच कशी बदलते, हे डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिलांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. त्या दोघांना १९८१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

उपाय म्हणजे चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. म्हणजे मेंदूला दुसऱ्याचं ऐकावंच लागतं. त्या मुलाची आजी कळवळली होती, "एवढ्याशा पोराला चष्मा आणि वर पट्टी? मोठा झाला की बघू." पण मोठं होईपर्यंत थांबणं हेच तर धोक्याचं. जितकं लवकर, तितकं चांगलं. आता तो तिसरीत आहे आणि डाव्या डोळ्यानं फळ्यावरची बरीच अक्षरं वाचतो.

हे सगळं ऐकल्यावर मुलीचा पुढचा प्रश्न आला. "मग मेंदूनं हिशेब बदलला, तो एखाद्या मशीनमध्ये दिसेल का?"

आता मी जरा माझ्या कामाबद्दल सांगतो. मी क्वालिटी खात्यात आहे. आमच्याकडे गाड्यांना लागणारी ॲल्युमिनियमची कास्टिंग येतात. धातू साच्यात ओतताना कधी कधी आत वायूचा बुडबुडा अडकतो. त्याला आम्ही 'ब्लो होल' म्हणतो. वरून भाग चकचकीत आणि आत पोकळी! फोडून पाहिलं तर लगेच कळेल, पण फोडलेला भाग गाडीत बसवणार कसा? म्हणून एक्स-रे काढायचा. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-बाबा अशीच कामं करत असतील. न फोडता आत पाहायचं, हीच आमची सगळी विद्या.

मेंदू पाहणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. पण साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचं हाड ठळक दिसतं, आतला मऊ मेंदू नाही. ही अडचण सोडवली गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरनं. ते ईएमआय या ब्रिटिश कंपनीत होते. गाण्यांच्या रेकॉर्डी काढणारी म्हणून प्रसिद्ध असलेली हीच ती कंपनी. चहूबाजूंनी क्ष-किरण सोडायचे, किती अडले आणि किती पार गेले ते मोजायचं आणि कॉम्प्युटरकडून हिशेब करून घ्यायचा, म्हणजे डोक्याची चकतीसारखी चित्रं मिळतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात, मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचं असं पहिलं चित्र काढलं गेलं. हाच सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना त्यासाठी १९७९ चं नोबेल मिळालं.

त्यानंतर आला एमआरआय. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. यात क्ष-किरण नसतातच. असतो एक जबरदस्त चुंबक. मोठ्या रुग्णालयांत ३ टेस्ला ताकदीची यंत्रं असतात. म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजार पटींच्याही वर! शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना हा चुंबक एका रांगेत आणतो, रेडिओलहरी त्यांना हलवतात आणि परत जागेवर येताना ती जे संदेश देतात, त्यांतून चित्र तयार होतं. यंत्र चालू असताना इतकी धडधड होते की आमचं प्रेस शॉप बरं!

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी त्यात आणखी एक युक्ती दाखवली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजं, प्राणवायू असलेलं रक्त जास्त जातं आणि त्याचा चुंबकीय फरक एमआरआयला टिपता येतो. यामुळे मेंदू 'काम करताना' दिसायला लागला. पण हे दिसणं कसं आहे सांगू? समजा, कारखान्यात आत जायला तुम्हाला बंदी आहे. तुम्ही कँटीनच्या दारात बसून कुठल्या विभागात किती चहा गेला, ते मोजताय. चहा जास्त गेला म्हणजे तिथे काम जोरात आहे, एवढं नक्की कळेल. पण तिथे नट बनतोय की बोल्ट, ते चहावरून कसं कळणार? शिवाय चहा पोचतो उशिरा. मेंदूतल्या पेशींचे संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात जातात, आणि रक्ताचा पुरवठा चढायला पाच-सहा सेकंद लागतात.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, हो, मेंदू पाहायला शिकतो तेव्हा होणारे काही बदल यंत्रात दिसतात. आयआयटी दिल्लीत शिकलेले आणि आता अमेरिकेत एमआयटीत असलेले पवन सिन्हा हे 'प्रोजेक्ट प्रकाश' चालवतात. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या आपल्या देशातल्या मुलांवर त्यात शस्त्रक्रिया केल्या जातात. २०११ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. नुकतंच दिसायला लागलेल्या मुलांनी हातानं चाचपलेला ठोकळा, नंतर समोर ठेवलेल्या दोन ठोकळ्यांतून नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा. त्यांना तो ओळखता येईना! डोळे उघडले होते, पण पाहायला शिकायचं अजून बाकी होतं. काही दिवसांतच ती शिकली. आणि २०२३ मध्ये अशा मुलांच्या एमआरआय चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर मेंदूतले दृष्टीशी संबंधित काही मार्ग बदललेले त्यात दिसले. तुझी पाच दिवसांत सरळ झालेली फरशी मात्र एका चित्रात बोट ठेवून दाखवता येणं कठीण आहे, हेही मी तिला सांगितलं.

यावर ती जरा गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे पुढे शाळेतच मशीन ठेवतील. त्यात झोपवून विचारतील, अभ्यास केला का? आणि त्यांना कळेलच सगळं."

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोठ्यांच्या जगात तसं घडून गेलंय, आणि तेही आपल्या पुण्यात. २००८ मध्ये पुण्याच्या एका न्यायालयानं खुनाच्या खटल्यात, इतर पुराव्यांबरोबर, मेंदूतल्या विद्युत लहरींच्या चाचणीचा अहवालही मानला. डोक्याला तारा लावून गुन्ह्याविषयीची वाक्यं ऐकवायची आणि लहरींवरून त्या माणसाला ते 'आठवतंय' की नाही ते ठरवायचं, अशी ती चाचणी. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी तिच्या भरवशाबद्दल शंका घेतली. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट निकाल दिला की नार्को, खोटं पकडण्याची चाचणी किंवा ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीनं करता येणार नाही. माणसाच्या मनाचं दार त्याच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही, असा त्याचा साधा अर्थ.

आणि यंत्रालाही ते दार सहजासहजी उघडत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रात पडून गोष्ट ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूच्या चित्रांवरून कॉम्प्युटरनं गोष्टीचा ढोबळ मतितार्थ लिहून दाखवला. शब्द बरेचसे चुकीचे, पण आशय जवळपास. मात्र त्यासाठी प्रत्येकाला आधी १६ तास यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर तयार केलेला हिशेब दुसऱ्याला लागू पडेना. आणि त्या माणसानं मनातल्या मनात भलतंच काही, म्हणजे आकडे मोजणं वगैरे, सुरू केलं की कॉम्प्युटर गडबडायचा. आज हे असं आहे. उद्याची यंत्रं जास्त हुशार असतील, म्हणून नियमही तयार असायला हवेत.

उद्याची यंत्रं तर दारात येऊनच उभी आहेत. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी डोक्यावर घालता येईल असं, मेंदूचं सूक्ष्म चुंबकत्व मोजणारं यंत्र दाखवलं. ते घालून मान हलवता येते, चहासुद्धा पिता येतो. चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणाऱ्या लहान एमआरआय यंत्राला २०२० मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आयआयटी मद्रासनं डिसेंबर २०२४ मध्ये, जन्माआधीच्या मानवी मेंदूच्या पाच हजारांहून अधिक पातळ कापांची चित्रं जगातल्या सगळ्या अभ्यासकांना खुली केली. आणि शरीराच्या आतलं दाखवणारी यंत्रं बनवणारे हात आपल्या चाकणमध्येही आहेत. शस्त्रक्रिया चालू असताना डॉक्टरांना क्ष-किरणांनी आतलं चित्र दाखवणारी यंत्रं तिथल्या फिलिप्सच्या केंद्रात तयार होतात.

मला यातून एका गोष्टीची फार आशा वाटते. हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा तो प्रसिद्ध तक्ता काढला. फळा न दिसणाऱ्या किती मुलांना त्याच्याआधी 'ढ' म्हटलं गेलं असेल! त्यांना अक्कल कमी नव्हती, नंबर जास्त होता. आजही काही मुलांना अक्षरं दिसतात, पण वाचताना जुळत नाहीत. काहींना वर्गातल्या गोंगाटातून बाईंचा आवाज वेगळा काढता येत नाही. त्यांनाही आळशी म्हटलं जातं, अगदी त्या डोळ्यासारखं. मेंदूची चित्रं काढण्याचं तंत्र उद्या स्वस्त आणि सोपं झालं, तर अशा मुलाला नेमकी कुठे मदत हवी, हे पाच-सहा वर्षांचा असतानाच कळू शकेल. मेंदूचा 'नंबर' काढता आला, तर कितीजणांची शाळेतली वर्षं सुखाची होतील!

पण नंबर कसा काढतात ते आठवून पाहा. आधी यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. आतलं छोटं चित्र पाहायला सांगतात आणि यंत्रातून नंबर छापलेली चिठ्ठी निघते. डॉक्टर तेवढ्यावर चष्मा देतात का? नाही. ते जड फ्रेम डोळ्यांवर चढवतात, काच बदलतात आणि विचारतात, "आता चांगलं दिसतंय की आधी चांगलं होतं?" माझ्या मुलीनं तेव्हा तीनदा मत बदललं. डॉक्टरांनी तीनही वेळा शांतपणे काच बदलली. चिठ्ठीवरचा सिलिंडरचा आकडा आणि शेवटी दिलेला नंबर यांत थोडा फरक होता.

माझ्या कामात एक्स-रेचा शब्द शेवटचा, कारण कास्टिंग बोलत नाही. माणूस बोलतो. म्हणून मेंदूची यंत्रं कितीही पुढे गेली, तरी शेवटी "तुला कसं वाटतंय?" हे विचारणारं कुणीतरी तिथे हवं, आणि मुलानं दिलेल्या उत्तराला चिठ्ठीपेक्षा जास्त मान हवा. तुमच्यातलं कुणी मोठेपणी अशी यंत्रं बनवणार असेल, चाकणला म्हणा की आणखी कुठे, तर एवढं ध्यानात ठेवा.

तोपर्यंत एक काम आजच करता येईल. उद्या वर्गात बसलात की फळ्याकडे एकदा डावा डोळा तळव्यानं झाकून पाहा, एकदा उजवा. डोळ्यावर दाब देऊ नका. दोन्हीकडून अक्षरं सारखी स्वच्छ दिसली तर उत्तमच. एका डोळ्यानं धूसर दिसत असेल, तर परीक्षा संपायची वाट न पाहता घरी सांगा. घरात लहान भाऊ-बहीण असतील, तर खेळ म्हणून त्यांचीही अशी परीक्षा घ्या, कारण त्यांना ते स्वतःहून सांगता येणार नाही. आणि नवा चष्मा लागून दोन आठवडे झाले, तरी फरशी तिरकीच दिसत असेल, तर निमूट सोसत बसू नका. परत जा आणि डॉक्टरांना सांगा. काच बदलता येते.